तारीख कोणी टाकली?

परभणी जिल्ह्यातल्या मानवतला इंटरनेटचं बिल वर्षातून बारा वेळा येतं आणि पैसा दोनदा. एकदा दसऱ्यानंतर, सोयाबीन-कापसाचा. दुसऱ्यांदा उन्हाळ्याच्या तोंडावर, हरभरा-ज्वारीचा. पगारदारांचं वेगळं. पण कापसाचा मोंढा आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने यांच्यावर ज्या गावाचं पोट चालतं, तिथला किराणावाला, टेलर, ट्रॅक्टर मेकॅनिक हे सगळेच मोंढ्याच्या तारखांनी चालतात. कापूस विकला की उधारी फिटते, नाहीतर वहीत राहते. अशा गावात फायबर टाकून घरोघर नेट देणारा छोटा व्यावसायिक दर महिन्याच्या दहा तारखेला काय करत असेल, याचा विचार ‘डिजिटल इंडिया’वर भाषणं करणारे फारसा करत नाहीत.

खालच्या संभाषणातले दोघे म्हणजे कोणी ठरावीक माणसं नव्हेत. मानवत, सेलू, पाथरीकडे भेटणाऱ्या अनेकांना जुळवून हे दोघे उभे केले आहेत. भाचा नेटवाला. आधी केबलवाल्याकडे कामाला होता, मग एका मोठ्या कंपनीची फ्रँचायझी घेतली, आता त्याच्या स्वतःच्या नावावर सी वर्गाचा, म्हणजे ढोबळमानाने एका जिल्ह्यापुरता, परवाना आहे. मामा मोंढ्यातले आडते. पोळा नुकताच झालाय, कापूस अजून बोंडात आहे आणि दुकानात गिऱ्हाईक नाही.

मामा : काय रे, सगळ्यांचं प्रीपेड करायलास म्हणे? मोंढ्यात दोघांनी सांगितलं.

भाचा : एक तारखेपासून. आधी पैसे, मग नेट. इतकी वर्षं उधारीवर ओढलं. आता होत नाही.

मामा : होत नाही म्हणजे किती होत नाही? आकडा सांग.

भाचा : हिशोबाला धरा चारशे गिऱ्हाइकं. ४९९ चा प्लॅन, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९ रुपये. निम्मे लोक पंधरा दिवस उशिरा देतात. दोनशे जणांचे झाले १ लाख १७ हजार ८०० रुपये. एवढे कायम बाहेर.

मामा : आता शेकडा दोनने पंधरा दिवसांचं व्याज काढ. बाराशेसुद्धा होत नाहीत. बाराशे रुपयांसाठी दोनशे घरांचं नेट बंद करणार तू?

भाचा : व्याजाचं गणित तुमचं बरोबर आहे. पण तुम्हाला ते पैसे फिरवायला कोणीतरी देतं. मला कोण देणार? मी वरून बँडविड्थ घेतो. वरची कंपनी महिना लागायच्या आधी पैसे मागते, चार दिवस थांबते आणि पोर्ट बंद करते. पोर्ट बंद म्हणजे एक घर नाही मामा, अख्खं गाव. ज्यानं एक तारखेला पैसे दिले त्याचंही बंद. फ्रँचायझी होतो तेव्हा तर कंपनीच्या वॉलेटमध्ये आधी रक्कम टाकून ठेवावी लागायची. गिऱ्हाइकाचा आयडी रिन्यू केला की कंपनीचा वाटा जागच्या जागी कापला जायचा. कंपनीसाठी मी प्रीपेड, गिऱ्हाइकासाठी पोस्टपेड.

मामा : आणि मधल्या मधे तू सावकार.

भाचा : बिनव्याजी. आणि जीएसटी राहिलाच. बिल काढलं की कर लागला. गिऱ्हाइकानं पैसे दिले का, हे सरकार विचारत नाही. त्या दोनशे बिलांचे अठरा हजार मी पुढच्या महिन्यात भरतो, हातात आले असोत नसोत.

इथे भाच्याची तक्रार जरा उलगडून सांगायला हवी, कारण उशिरा येणाऱ्या पैशाबद्दल बोलताना हा भाग बहुतेक वेळा सुटतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी येण्याआधी सेवाकर होता. त्यात २०१२ पासून, आधीच्या वर्षात ५० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या एकट्या व्यावसायिकाला किंवा भागीदारी संस्थेला पैसे हातात पडल्यावर कर भरायची मुभा होती. जीएसटीत सेवेचं बिल निघालं की कराची जबाबदारी सुरू होते. पुढे ते बिल बुडालं तरी भरलेला कर परत मिळवायची सोय नाही. म्हणजे ज्याने ५८९ बुडवले त्याने नेटवाल्याचे ४९९ बुडवलेच, वर त्याचा करही नेटवाल्याला भरायला लावला. छोट्या सेवा व्यवसायांनी प्रीपेडकडे धाव घेतली त्यामागे हे एक ठोस कारण आहे. पैसे आले की बिल, बिल निघालं की कर, म्हणजे तिन्ही एका दिवशी. गिऱ्हाइकावर अविश्वास हे कारण लोकांना दिसतं; कराचं हे कारण दिसत नाही.

मामांना मात्र एवढ्यावर पटत नाही.

मामा : हे बघ, महावितरणसुद्धा मीटर तोडायच्या आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस देतं. २००३ च्या वीज कायद्यातच आहे ते. तुझं काय? रात्री बाराचा ठोका पडला की नेट बंद. परवा शेजारच्या पोराचा फॉर्म भरायचा राहिला.

भाचा : मी तोडत नाही मामा, पॅनल तोडतं. आयडीची मुदत संपली की आपोआप.

मामा : पॅनल कोणाचं?

भाचा : माझं.

मामा : मग त्यात तारीख कोणी टाकली?

भाचा : जिओला विचारता का हे? रिचार्ज संपलं की त्याच क्षणी बंद. कोणी जाऊन म्हणतं का त्यांना, दिवाळीला देतो म्हणून?

मामा : कोणाला म्हणणार? तिथं माणूसच नाही. २०२० पासून ३९९ ला फायबर देतात ते, तरी लोक तुझ्याकडं ४९९ का देतात? रात्री अकराला वायर तुटली तर तू शिडी घेऊन येतोस म्हणून. पैसे त्याचे मिळतात तुला.

भाचा : तेच तर मिळत नाहीत.

मामा : मिळतात, उशिरा मिळतात. फरक आहे. आमच्याकडं बघ. शेतकऱ्याला मी मेमध्ये बियाणं-खताला उचल देतो, ती दिवाळीला फिटते. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

भाचा : आणि शेतकऱ्याचा चुकारा? नियमानं चोवीस तासांत द्यायचा ना? हातावर रोख मागितला तर शेकडा किती कापतात मोंढ्यात?

मामा : कापतात. पण तोंडावर सांगून कापतात.

मामांच्या या उत्तराला मी न्याय म्हणणार नाही. पण आडतीच्या उधारीत एक यंत्रणा आहे, ती नेटवाल्याकडे नाही, आणि मामा ती सोयीने विसरतात. उचल घेतलेला शेतकरी कापूस घेऊन त्याच दुकानात येतो. पट्टी तिथेच बनते. हमाली, तोलाई आणि जुनी उचल तिथेच वजा होते. देणेकऱ्याचा माल वसूल करणाऱ्याच्याच काट्यावर चढतो. आडत्याचं मन मोठं असेलही, पण त्याला तारण असतं ते पिकाचं. नेटवाल्याकडे असं काय आहे? दिलेलं नेट परत घेता येत नाही, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या वायरवर जायला एक फोन पुरतो. भाच्याने हे अनुभवातून जास्त स्वच्छ सांगितलं.

भाचा : मामा, २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली. सोयाबीन वाहून गेलं, कापसात पाणी उभं. तेव्हा मी एकाचंही नेट तोडलं नाही. पीकविमा, पंचनामे, सगळं मोबाइलवर. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस घालायचा तर त्या हंगामापासून आधी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी. कसं तोडणार? तीन महिने थांबलो.

मामा : चांगलं केलंस की.

भाचा : ऐका. तीन महिन्यांचे होतात १७६७ रुपये. तेवढ्यात दुसऱ्याचं नवं कनेक्शन येतं. लोकांनी काय केलं असेल? मी रस्त्यात दिसलो की दुसऱ्या गल्लीतून जायला लागले. मग एक दिवस पॅनलवर त्यांचा ओएनयूचा डबा बंद. घरी गेलो तर भिंतीवर दुसऱ्याचा डबा. माझा डबा कुठंय? तर पोरानं कुठंतरी ठेवलाय. उधारी देऊन मी गिऱ्हाईक जपत नाही मामा. मीच त्याला तोंड चुकवायला शिकवतो.

मामा : तू त्यांना सांगितलं होतंस का, की पैसे मागणार नाही एवढे दिवस?

भाचा : सांगायचं काय त्यात? तोडलं नाही म्हणजे समजायला पाहिजे.

मामा : हेच चुकतं. माफ केलं, का थांबलो, का विसरलो, गिऱ्हाइकाला कळत नाही. मी उचल देतो तेव्हा चिठ्ठी करतो. तारीख असते तिच्यावर. तुझी सवलत सगळी तोंडी, आणि तोडणं मात्र मशीनवर.

हे ऐकून भाचा गप्प बसला असता तर संवाद सरळ झाला असता. तसं झालं नाही. त्याने फिरून मोंढ्यातल्या तोंडी व्यवहारांचा पाढा सुरू केला आणि मामा भडकले. तो भाग गाळतो. मामांचा मुद्दा मात्र धरून ठेवण्यासारखा आहे. दहा तारीख शेवटची, पंधरापर्यंत सूट, त्यानंतर वेग कमी, वीसला बंद, असं बिलावर छापलेलं असेल तर निम्मी भांडणं होतच नाहीत. वेग कमी करणं हा पर्याय तर नेटवाल्याकडेच आहे. वीजवाल्याला अर्धा दिवा लावता येत नाही. तरी बहुतेक छोटे नेटवाले तो वापरत नाहीत. एक तर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद.

मामा : आणि लाइन बंद असते त्या दिवसांचं काय? हायवेच्या कामात जेसीबीनं फायबर तोडलं, नऊ दिवस नेट नव्हतं. ते नऊ दिवस पुढं दिलेस का कोणाला?

भाचा : मागितले त्यांना दिले.

मामा : न मागणाऱ्याला?

भाचा : मामा, तुटलेलं फायबर जोडायला स्प्लायसिंगचे पैसे मीच भरले. जेसीबीवाल्यानं नाही भरले.

मामा : ते तुझं आणि जेसीबीवाल्याचं. गिऱ्हाइकानं काय केलं?

दूरसंचार नियामक ट्रायने ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम २००६ मध्ये केले. बिघाड कामाच्या तीन दिवसांपेक्षा जास्त रखडला तर सात दिवसांचं भाडं सोडायचं, सात दिवसांच्या पुढे गेला तर पंधरा दिवसांचं, असं त्यात लिहिलेलं होतं. तालुक्याच्या गावात हे सांगणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचं आहे. उशिरा पैसे देणाऱ्याची थकबाकी वहीत रुपयांत लिहिली जाते. बंद पडलेल्या दिवसांची थकबाकी कोणी लिहीतच नाही. मामांनी याच ओघात महिन्याचा हिशोबही काढला. पॅनलचा महिना तीस दिवसांचा, म्हणजे बारा रिचार्जमध्ये ३६० दिवस. मोबाइल कंपन्यांनी २८ दिवसांचा महिना करून वर्षाला तेरावं रिचार्ज काढलं, तेव्हा ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये तीस दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवायला लावला. भाच्याचा महिना त्यापेक्षा बरा, पण वर्षाचे पाच दिवस त्याच्याकडे उरतात हे खरंच.

भाचा : बरं, घरगुती लोकांचं मी उगाच ओढलं. पाचशे-सहाशे रुपयांना माणूस फार दिवस बुडवत नाही. खरे पैसे अडकतात ते बिल मागणाऱ्यांकडं. एक शिक्षणसंस्था आहे, सात महिने झाले. एक कार्यालय आहे, ग्रँट आली की देतो म्हणतं. त्यांचं बिल पाचशेचं नाही, हजारात आहे. आणि त्यांचं नेट तोडायची माझी टाप नाही.

मामा : संस्थेच्या अध्यक्षांशी बोलू का मी? आपल्या बैठकीतले आहेत.

भाचा : नका बोलू. बोललात की मी तुमचा माणूस म्हणून पैसे मागितले असं होतं. मग पुढच्या वर्षी दुसऱ्याची वायर.

मामा : मग कायदा आहे की. माझा सीए दरवर्षी मार्चमध्ये ओरडतो, छोट्यांची बिलं पंचेचाळीस दिवसांत द्या म्हणून.

सीए ओरडतो त्याला कारण आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. यात मालाबरोबर सेवाही येते, म्हणून नेटवालाही बसतो. त्यासाठीची उद्यम नोंदणी मोफत आणि ऑनलाइन. थकबाकीचा अर्ज २०१७ साली सुरू झालेल्या ‘समाधान’ पोर्टलवर करता येतो, प्रकरण सुविधा परिषदेकडे जातं, आणि निकाल विरुद्ध गेलेल्या खरेदीदाराला न्यायालयात आव्हान द्यायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. आयकरातही १ एप्रिल २०२४ पासून पाचर आली : मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चपर्यंतही दिलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही. आणि जीएसटी नोंदणी असलेल्या खरेदीदाराने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं.

एवढी हत्यारं छोट्या माणसाच्या हाती असताना तो ती का उचलत नाही, हे भाच्याने एका वाक्यात सांगितलं.

भाचा : परिषद पैसे मिळवून देईल मामा, पण गिऱ्हाईक मिळवून देणार नाही. आणि आयकराचा धाक तुम्हाला. सरकारी कार्यालयाला कुठला आयकर?

मामा : मग निदान बिलावर उद्यम नंबर तरी छाप. कलमाचं नाव छाप. केस करू नको, पण समोरच्या अकाउंटंटला दिसू दे.

भाचा : हे करता येईल.

मामा : आणि घरगुतींना वर्षाचं पॅकेज दे. कापूस विकला, हातात पैसा आला, की बारा महिन्यांचं एकदम घे. एक महिना फुकट दे वर. मोंढ्याच्या गावात महिन्याचं बिल हेच मुळात चूक आहे.

भाचा : डोक्यात आहे ते. पण भीती वाटते.

मामा : पैसे आधी येण्याची?

भाचा : डिसेंबरात एकदम तीन-चार लाख हातात आले की नवी ओएलटी मशीन घ्यावीशी वाटते, शेजारच्या गावाला फायबर न्यावंसं वाटतं. आणि वरची कंपनी तर दर महिन्याला मागणार. जूनमध्ये कुठून देऊ?

मामा : मग त्याला हात लावायचा नाही.

भाचा : तुम्ही लावला नसता?

मामा हसले. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण मला इथे थांबायला हवं. उशिरा आलेल्या पैशाबद्दल सगळे बोलतात. लवकर आलेल्या पैशाबद्दल कोणी बोलत नाही. आगाऊ घेतलेलं वर्षाचं भाडं नेटवाल्याच्या खात्यात असतं, पण ते त्याचं झालेलं नसतं. दर महिन्याला त्यातला बारावा हिस्सा तेवढा त्याचा होतो. बाकी सगळी गिऱ्हाइकांनी त्याला दिलेली उधारी. सहाव्या महिन्यात नेटवाल्याने धंदा बंद केला, तर त्या गिऱ्हाइकांना ५८९ रुपयांच्या पटीत वसुलीला कोण मदत करणार? २००९ च्या एका निकालामुळे दूरसंचार बिलांचे वाद ग्राहक मंचाबाहेर ढकलले गेले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दार पुन्हा उघडं असल्याचं स्पष्ट केलं. तरी तीन-चार हजारांसाठी परभणीच्या ग्राहक आयोगात खेपा घालणारा माणूस विरळा. म्हणून वर्षाचं पॅकेज मला मामांइतकं निर्धोक वाटत नाही. तीन महिन्यांचं, दसऱ्यानंतर आणि होळीच्या सुमाराला, असं दोनदा घेतलं आणि मधले महिने साधे प्रीपेड ठेवले, तर गावाच्या पैशाशी जुळतं आणि बुडालं तरी थोडं बुडतं. भाच्याने हे ऐकलं असतं तर त्याने पॅनलमध्ये तसा पर्याय नाही असं सांगितलं असतं, हेही मला माहीत आहे.

मामा : ठरलं मग. एक तारखेपासून प्रीपेड, पण पाच दिवसांची सूट, छापून. बंद दिवस पुढं द्यायचे, न मागता. मोठ्यांच्या बिलावर कलम.

भाचा : आणि दुकानाचं?

मामा : कोणत्या दुकानाचं?

भाचा : ह्याच. दुकानाचं नेट आणि गोदामाच्या कॅमेऱ्यांची लाइन. मेपासून बाकी आहे.

मामा : मागितलंस का कधी?

भाचा : मामाला कसं मागायचं?

मामा : वा! गावभर सांगत फिरायलास उधारी उधारी म्हणून, आणि बिल द्यायला लाज वाटते. आण बिल.

भाचा : दिलंय. मेमध्येच. तुमच्या मुनीमजींकडं.

मामा : ते राहू दे. नवं काढ, आजच्या तारखेचं. पंचेचाळीस दिवस आजपासून मोजू.

भाचा : त्या बिलाचा जीएसटी मी जूनमध्येच भरलाय मामा. आता तारीख कशी बदलू?

मामा : मुनीमजी, ती मेची फाइल काढा बरं जरा.